तांबीचा तिसरा महिना

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या धुलाईखान्यात तिला सगळे डागवाली म्हणत. गाठोडं सोडायचं, चादर दिव्याखाली धरायची आणि डाग ओळखून ती योग्य टबात टाकायची, हे तिचं काम. तेलाला गरम पाणी, रक्ताला गार. रक्ताची चादर चुकून गरम पाण्यात गेली, की डाग शिजतो आणि मग काही केल्या निघत नाही. अनोळखी माणसांचं रक्त, ओकारी, थुंकी ती सहा वर्षं हाताळत होती आणि तेच हात धुऊन डबा खात होती. हिला कशाचीच किळस येत नाही, असं सगळ्यांना वाटे. तिलाही वाटे.

तांबी बसवल्यापासून मात्र तिला स्वतःचीच किळस येऊ लागली. दुसऱ्या बाळंतपणात ती सात महिने अंथरुणाला खिळली होती. तिसरं नको, म्हणून ती आपणहून दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आली. तेव्हापासून चार दिवसांची पाळी नऊ-नऊ दिवस चालायला लागली. सुरुवातीला गाठी पडायच्या, ओटीपोट पिळून निघायचं. संपली म्हणून हुश्श करावं, तर पुन्हा तपकिरी ठिपके. मांड्यांना चिकट ओल, पॅडच्या कडेने सोललेली कातडी, आणि गंजल्या लोखंडासारखा वास. धुलाईखान्याच्या संडासात कचऱ्याचा डबा नव्हता. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून दिवसभर एप्रनच्या खिशात वागवावं लागे. जेवायला बसलं की ते कोमट पुडकं मांडीला लागायचं. तिने दुपारचं खाणंच सोडलं.

"डागवाले, चादरीपेक्षा पांढरी झालीस," इस्त्रीवाली मावशी एकदा म्हणाली. "एखाद दिवशी चुकून तुलाच घडी घालून गाडीत टाकेन."

"तांबीचा तिसरा महिना चाललाय, मावशी. माझं मलाच मळमळतं."

"मग दवाखान्यातल्या सिस्टरला दाखव. डाग न बघता तू कधी टब ठरवतेस का?"

घरी नवऱ्याने उशी पलंगाच्या पार टोकाला नेली होती. तो घरं रंगवायचा. दिवसभर टर्पेंटाइनमध्ये बुडालेल्या त्याच्या नाकाला तिचा वास बरा कळे.

"काढून टाक ना ते," तो म्हणाला. "रोज काय ही घाण."

"आणि काढल्यावर?"

"काढल्यावर बघू."

त्यांची दोन्ही मुलं या 'बघू'तूनच झाली होती. पण खरं सांगायचं, तर तिलाही ते आता अंगात नकोच होतं. शनिवारी अर्धी सुटी घेऊन ती काढून घ्यायला निघाली. तोही सोबत आला.

सिस्टरने विचारलं, "किती जातं?"

या प्रश्नाला बायका 'खूप' म्हणतात. डागवालीला तसं मोघम सांगता येईना.

"पहिल्या महिन्यात सुरुवातीचे तीन दिवस रोज सात पॅड, पार भिजलेली. नंतर तळहाताएवढा डाग, शेवटी बटणाएवढे ठिपके. दुसऱ्या महिन्यात रोज सहा. या महिन्यात..." ती थांबली. "या महिन्यात पाच. आणि पाचही पूर्ण भिजली नव्हती."

"म्हणजे कमी होतंय," सिस्टर म्हणाली.

सिस्टरने तपासलं. तांबीचा दोरा जागेवर होता, जंतुसंसर्ग नव्हता. रक्त मात्र कमी भरलं. "लोहाच्या गोळ्या घे. त्या दिवसांत पोटात दुखण्यावर ही गोळी, तिने जाणंही जरा कमी होतं. अंगाला सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात. नाहीच जमलं, तर दुसरी औषधाची तांबी असते, तिने बहुतेक बायकांना कमी जातं. पण तुला आजच काढायची असेल, तर आज काढते. अंग तुझं आहे."

"काढायचीच आहे," नवरा म्हणाला.

सिस्टर त्याच्याकडे वळली. "मग आजपासून निरोध वापराल ना? पाकिटं देते."

त्याने नाक मुरडलं. "छे हो, सिस्टर. ते चिकट रबर, तो वास. मला किळस येते."

हे बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही. पेढा नाकारावा, इतक्या सहज तो बोलला होता. डागवाली त्याच्याकडे बघत राहिली. गाठी, सोललेल्या मांड्या, खिशातलं पुडकं, आणि या माणसाला पाच मिनिटांचं रबर सोसत नव्हतं. तीन महिन्यांत स्वतःचे कपडे धुतानाही तिला इतकी शिसारी आली नव्हती.

"राहू दे, सिस्टर," ती म्हणाली. "गोळ्या तेवढ्या द्या."

बाहेर आल्यावर तो कुरकुरला, "म्हणजे अजून तीन महिने हेच?"

"हेच. वास येत असेल तर तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा."

"अगं, मी सहज बोललो."

"माहीत आहे."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला आणि चालू लागली.