बनुबाईचा चीक

अंजनानं उकळून आणलेली बाटली बनुबाईच्या छातीखाली धरली आणि दोन बोटांनी हलकेच दाबलं. आधी काहीच आलं नाही. मग एक थेंब आला, घट्ट, हळदीच्या पाण्यासारखा पिवळा, त्याच्यामागून दुसरा. बनुबाई दात आवळून छपराकडं बघत पडली होती. पहिलंच बाळंतपण; अंग अजून थरथरत होतं.

उंबऱ्याशी तिची सासू दगडाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. कापसाचा बोळा गुळाच्या पाण्यात बुडवून ती पोराच्या ओठांना लावत होती. पोर चुटूचुटू चोखायचं आणि मध्येच तोंड फिरवून काहीतरी हुडकायचं.

"निघंल तेवढा समदा काढ, बाई," दगडाबाई म्हणाली. "न्हाईतर मलाच पिळून उकिरड्यावर टाकाय लागंल."

"आवं बाई," बनुबाई हळूच म्हणाली, "शेळी व्याली की आमी करडाला आदी चीक पाजतो. चीक न्हाई मिळाला तर करडू जगत न्हाई. मग मानसाचा का टाकायचा?"

अंजनाची बोटं थांबली.

"मानूस काय जनावर हाय व्हय गं?" दगडाबाई उंबऱ्यावरनंच कडाडली. "तीन दिस नासकं असतंय. माझ्या सासूनं टाकाय लावलं, तिच्या सासूनं तिला टाकाय लावलं. तूच तेवढी लय शानी!"

बनुबाई अंजनाकडं बघत राहिली. नर्सबाई आता काय म्हणते, याची ती वाट बघत होती. अंजनानं बाटलीला बूच लावलं, ती बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवली आणि उठता उठता म्हणाली, "उद्या परत येते. दुसऱ्या दिवसाचापण लागतो."

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी माणदेशातल्या या धनगरवस्तीवर बायकांच्या गळ्याची हाडं अजून मोजता येत होती. डॉक्टर देवस्थळींना तशाच बायका हव्या होत्या. साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं संशोधन चालायचं: उपाशी राहिलेल्या आईच्या चिकात रोगाशी झुंजायची ताकद किती उरते? बाईंचा आवाज मऊ होता. हाताखालच्या कुणालाही त्या एकेरी हाक मारत नसत. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेल्यावर फलटणची अंजना नर्सिंग शिकली, ती त्यांच्याच शब्दावर इथं लागली. संशोधन चालेल तोवरच तिची नोकरी होती.

एकदा बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं होतं. काचेवरच्या पिवळसर थेंबात गोल गोल काहीतरी होतं, आणि ते सावकाश सरकत होतं.

"जिवंत आहे हे?" अंजनानं डोळा न काढता विचारलं होतं.

"जिवंतच. पोराच्या आतड्याला पहिलं पांघरूण यानंच मिळतं. हगवण, ताप, सगळ्यांना हे आधी अडवतं."

"मग आपण त्यांना सांगायचं का नाही, मॅडम?"

बाईंनी चष्मा काढून पुसला होता. "सांगितलं की काही जणी पाजतील, काही नाही. कुणी पाजलं, कुणी टाकलं, याचा आपल्याला भरवसा राहणार नाही. वर्ष-दीड वर्ष थांबा. एकदा सिद्ध झालं की सगळ्या जिल्ह्याला आपणच सांगू. आणि अंजनाबाई, आपण कुणाचं काही हिरावून घेत नाही. त्या टाकून देतात, तेवढंच घेतो."

हे वाक्य अंजनाला फार सोयीचं पडलं होतं. वस्तीवरून परतताना एसटीत थर्मास मांडीवर घेऊन बसलं की ती ते मनाशी म्हणायची.

बनुबाईचे दोन्ही नमुने साताऱ्याला पोचले. चौथ्या दिवशी दगडाबाईनं पोर आईच्या अंगावर दिलं. तोवर बोळा शेळीच्या दुधात बुडत होता, मांडीखाली पडत होता, पुन्हा वाटीत जात होता. बारशाला पोराचं नाव जोतिबा ठेवलं. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला हगवण लागली.

वजन करायला म्हणून अंजना काटा घेऊन आली तेव्हा पोराची झोळी काढून ठेवलेली होती. अंगणात कुणी तिला बस म्हणालं नाही. बनुबाईचा नवरा अर्जुना मेंढ्या सोडून निघाला होता. तिच्याकडं न बघताच तो कुडाच्या कडेनं गेला.

बनुबाई आत भिंतीला टेकून बसली होती. छाती लुगड्याच्या धडप्यानं करकचून बांधली होती, तरी धडपा भिजला होता. त्याच्यावर माशा बसत होत्या आणि ती त्यांना हाकलत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "तुमी माजं दूध नेलं व्हतं तपासाय. काय निघालं वो त्यात?"

अंजना खाली बसली. तिनं काटा बाजूला ठेवला.

"काय निघायचं हाय?" दगडाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्याही डोळ्यांना सूज होती. "माझ्या हातावर व्हतं तवर पोर ग्वाड व्हतं. हिच्या अंगावर दिलं, हगाया लागलं आन् गेलं. इखारी दूध हाय हिचं. तवाच तर ही बाई बाटल्या भरून न्ह्याय आली. चांगल्या दुधाचं कोन काय तपासतंय? व्हय न्हवं, बाई?"

आदल्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी आकडे जुळवताना तिला बोलावून घेतलं होतं. "ही तुमची वस्तीवरची बाई बघा. खायला भाकरी नाही, अंगात रक्त नाही, आणि चीक कसा! कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांच्या सुनांपेक्षा तसूभर कमी नाही." बाईंचा चेहरा आनंदानं फुलला होता.

अंजनानं तोंड उघडलं. वस्तीवर आणखी तिघी पोटुशी होत्या. आता 'दूध चांगलं होतं' म्हटलं, की मग टाकलं का, हा प्रश्न येणार. तो संध्याकाळच्या आत विहिरीवर जाणार, आणि मग इथून एकही बाटली मिळायची नाही.

"बोला की वो," बनुबाई म्हणाली. "वंगाळ निघालं तर वंगाळ म्हना. मला फकस्त कळू द्या."

"ते... डॉक्टरांना विचारावं लागेल," अंजना म्हणाली, आणि काट्याचा हूक कापडात गुंडाळू लागली.

दगडाबाई सुनेकडं बघून मान हलवत राहिली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. बनुबाईनं धडप्याची गाठ सोडली आणि पहिल्यापेक्षा घट्ट बांधली.

पुढचं अंजनाला तुकड्या-तुकड्यानं कळलं. आधी बनुबाईचं ताट वेगळं झालं. मग कुणाच्या लेकराजवळून ती गेली की आया पोरं पदराखाली घेऊ लागल्या. एका अमावास्येला दगडाबाईनं बनुबाईच्या भावाला आटपाडीहून बोलावून घेतलं आणि तुझी इखारी भन घरला घेऊन जा म्हणून सांगितलं. अर्जुना मेंढ्या घेऊन रानात निघून गेला. दोन महिन्यांनी त्याचं दुसरं लग्न लागलं. मुलगी म्हसवडकडची, मनुबाई नावाची, वयानं बनुबाईपेक्षा लहान. अंजनाची वस्तीवरची फेरी चालूच होती. राहिलेल्या तिघींचा चीक तिला वेळेवर मिळाला.

संशोधन पुरं झालं. डॉक्टरबाई दिल्लीला जाऊन आल्या, तिथं त्यांच्या निबंधाचं फार कौतुक झालं. परत आल्यावर त्यांनी शब्द पाळला. रंगीत चित्रांचे मोठे कागद करून घेतले, जीप मागवली आणि पहिली सभा याच वस्तीवर घेतली. "जिथून घेतलं तिथंच आधी द्यायचं," त्या म्हणाल्या.

बिरोबाच्या देवळापुढं बायका जमल्या. बाईंनी चार वाक्यं बोलून अंजनाला पुढं केलं. त्यांची पुण्याची भाषा बायकांना उमगत नव्हती. अंजनानं सांगायला सुरुवात केली. चीक टाकू नका. पोर जन्मलं की तासाभराच्या आत अंगावर घ्या. गुळाचं पाणी नको, बोळा नको. तुमच्या करडाला जे लागतं, तेच लेकराला लागतं. बायका एकमेकींना कोपर मारून हसल्या. वस्तीवरची म्हातारी दाई अंबूबाई कपाळाला हात लावून बसली.

दगडाबाई खांबाला टेकून होती. शेजारी मनुबाई, पोट पुढं आलेलं, दिवस भरत आलेले.

"बाई," दगडाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, "मग आमच्या बनुच्या चिकात काय निघालं व्हतं?"

अंजनानं डॉक्टरबाईंकडं पाहिलं. त्या हसून मान डोलवत होत्या; प्रश्न विचारला जातोय, याचाच त्यांना आनंद होता.

"चांगला होता, मावशी," अंजना म्हणाली. "लय चांगला होता."

दगडाबाई खांबापासून पुढं सरकली.

"आन् तुला कवापास्नं ठावं व्हतं?"

"पहिल्यापास्नं."

म्हातारीनं डोळे मिटले. अंजनाला वाटलं आता ती शिव्या देईल, दगड उचलेल, छाती बडवून घेईल; त्यातलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं. दगडाबाईनं डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं.

"खोटं हाय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "समदं खोटं बोलतीया. चीक नासकाच असतोय. तीन दिस टाकायचाच असतोय. ऊठ गं मने. घरला चल."

"पर आत्ती, बाई म्हनत्यात..."

"ऊठ म्हनते न्हवं!"

तिनं सुनेचं मनगट धरून तिला उठवलं. मनुबाईनं एकदा चित्राकडं पाहिलं. चित्रातली आई नुकत्याच जन्मलेल्या पोराला छातीशी घेऊन हसत होती. मग ती कमरेवर हात ठेवून सासूमागं ओढली जाऊ लागली.

"अहो, त्या का चालल्या?" डॉक्टरबाईंनी कळवळून विचारलं. "तिचे तर दिवस भरलेत. तिच्यासाठीच तर हे सगळं."

"घरी काम असेल, मॅडम," अंजना म्हणाली.

उरलेल्या बायका तिच्याकडं बघत होत्या. वाटेवर म्हातारी भराभर चालत होती, आणि तिच्या हातातलं मनगट सोडवून न घेता ती अवघडलेली पोर तिच्या पावलाला पाऊल जुळवायचा प्रयत्न करत होती.