चढावर बंद पडलेली गाडी

ताई गेली त्या दिवसापासून मी भावोजींशी धड बोललो नव्हतो. बोलावं असं काही उरलंच नव्हतं. छातीत दुखतंय म्हणून बायकोला गाडीत घालून हॉस्पिटलकडे निघालेला माणूस, आणि भर चढावर याची गाडी बंद पडते! तीही चारही चाकांनी ओढणारी, दगडधोंड्यांतून जाणारी डिझेल गाडी. जमीनमोजणीच्या कामासाठी हिच्यातून त्यांनी डोंगर पालथे घातले होते. ती नेमकी त्याच दिवशी मान टाकते, आणि बऱ्याच वेळानं म्हणे आपणहून चालू होते. तोवर माझी बहीण मागच्या सीटवर संपली होती.

मी गाड्या दुरुस्त करून पोट भरतो. डिझेल इंजिनाच्या लहरीबिहरी मला कुणी सांगू नयेत. डिझेल मिळालं, हवा मिळाली की ते मुकाट्यानं चालतं. बंद पडलं म्हणजे कुणीतरी हयगय केलेली असते. कुणी, ते मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

भाचीनंही तेच धरून ठेवलं होतं. "मामा, बाबा गाडीला कुणाला हात लावू देत नाहीत," ती म्हणाली. "विचारलं की विषय बदलतात. तू बघ ना. आई का गेली एवढं तरी मला कळू दे."

मी गाडी न्यायला गेलो तेव्हा भावोजी फाटकात आडवे उभे राहिले. "राहू दे रे. मोडीत काढणार आहे मी ती."

"मोडीत काढा नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा, पण आधी मी बघणार," मी म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला की मला बरं वाटलं. चोर सापडला, असं वाटलं.

वर्कशॉपमध्ये आल्या आल्या डिझेलचा फिल्टर काढला. तो चोंदलेला निघणार याची मला इतकी खात्री होती की शिव्या तोंडात तयार होत्या. फिल्टर नवाकोरा निघाला. पाण्याचा थेंब नाही, कचरा नाही. ताजाच बदललेला. शिव्या गिळाव्या लागल्या. मग चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा पंपावरचा व्हॉल्व्ह पाहिला. त्याची वायर सैल असली की चालती गाडी बंद पडते. वायर घट्ट होती. तरी बॅटरीवरून थेट वायर जोडली आणि गाडी त्याच चढावर नेली. टाकी त्या दिवशी भरली होती तशीच काठोकाठ होती.

अर्ध्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

मी हँडब्रेक ओढून तसाच बसून राहिलो. मागच्या सीटकडे बघायची हिंमत होईना. ताईला इथून काय दिसलं असेल? भावोजींची पाठ, स्टार्टर मारणारा हात आणि समोर रिकामा रस्ता. मला रडू फुटलं. मी अगदी पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी टाकीची नळी काढली, बॉनेटवर डिझेलचा कॅन बांधला आणि कॅनमधली नळी पंपाला दिली. गाडी चढ चढली, उतरली, पुन्हा चढली. एकदाही अडखळली नाही. म्हणजे इंजिन निर्दोष, पंप निर्दोष. खोट टाकीकडे होती. टाकीची नळी फुंकून पाहिली तर साफ. ती परत जोडून निघालो, आणि गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं.

सुस्सकन हवा आत ओढली गेली. स्टार्टर मारला, तर एका दमात चालू.

टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. या गाडीच्या मूळ झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. हे झाकण दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं, कुलपाचं, रबरानं गच्च बसणारं. हवा आत यायची नाही, मग डिझेल तरी बाहेर कसं यायचं? टाकी अर्धी असली की आतल्या हवेवर निभायचं; काठोकाठ भरलेली असताना चढ लागला की अडायचं.

झाकण कुणी आणलं ते मला माहीत होतं. घरासमोरून डिझेल चोरीला जायचं, म्हणून भाचीनं सुट्टीत हौसेनं आणून स्वतः बसवलं होतं. ताईनं मला मुद्दाम फोन केला होता. "बघ, भाची मामाच्या वरताण निघाली. आता तुझं दुकान बंद!"

परत आलो तर भावोजी वर्कशॉपच्या दारात बसले होते. माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाले, "कळलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"डिझेल गळून गेलं की काय म्हणून त्या दिवशी शेवटी झाकण उघडलं. आवाज झाला. स्टार्टर मारला, तर चालू. मागे वळून तुझ्या ताईला म्हणालो, चालू झाली गं." त्यांनी चपलेनं जमिनीवरचा एक नट बाजूला सारला. मग म्हणाले, "पोरीला सांगू नकोस."

"ती तुम्हाला दोष देतेय, भावोजी. मीसुद्धा."

"देऊ दे. माझं भागेल. तिचं नाही भागायचं."

मी कधी गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही. फटकळ म्हणून माझी ख्याती आहे. पण संध्याकाळी भाची आली तेव्हा मी भंगाराच्या डब्यातून एक काळाकुट्ट फिल्टर काढला आणि तिच्यासमोर धरला.

"हा चोंदला होता."

"वेळेवर बदलला असता तर?"

"तर बंद पडली नसती."

"बदलायला वेळ लागतो खूप?"

"नाही गं. फारसा नाही."

ती वडिलांकडे वळली. भावोजी खाली बघत म्हणाले, "राहून गेलं."

"एक फिल्टर, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग ती माझ्या गळ्यात पडली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. माझे हात ऑइलनं माखलेले होते. तिला जवळ घ्यायचं सोडून मी ते लांब धरून उभा राहिलो.

"बरं झालं तू खरं सांगितलंस, मामा," ती म्हणाली. "आता खरं सांगणारं माझं तुझ्याशिवाय कुणी नाही."

ती तोंड धुवायला नळावर गेली. भावोजी उठून माझ्याजवळ आले.

"तिला स्टँडवर तू सोड," ते म्हणाले. "आणि पोचली की मला कळव. मला नाही आता ती फोन करायची."