चादरीचा कोपरा

सत्यभामाबाईंनी सलाईनचा हात जपत दुसऱ्या हाताने चादरीचा कोपरा उचलला, नीट घडी घातली आणि गादीखाली खोचून दिला. आपला झाला, मग स्टँड सरकवत शेजारच्या खाटेचाही. त्या खाटेवर देऊळघाटच्या गोजरबाई तापाने पडलेल्या होत्या. त्यांनी निमूटपणे पाय सरळ केले.

"आजी, झोपा बरं. सुई निघून जाईन," रेणुका सिस्टर म्हणाली.

"तुला वेळ नाही, म्हणून मीच करते आहे."

"वेळ हाय की. पायाकडून मोकळीच ठेवते मी."

काय पण उत्तर! आळसाला नाव द्यायला या पोरींना कुणी शिकवायला नको. रेणुका हसली आणि एक कागद हातात देऊन पुढे गेली. परिचारिकांची सेवा कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी, वाईट. रेणुका कंत्राटावर होती आणि मार्चमध्ये हेच कागद बघून तिला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. वॉर्डात सगळ्यांना ते माहीत होतं.

सत्यभामाबाईंनी 'बरी'वर खूण केली. उत्तम काय असतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. याच वॉर्डात त्यांनी सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढली होती. खळ दिलेली पांढरी साडी, स्टोव्हवर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा, आठला डॉक्टरांची फेरी, आणि त्याआधी वीसच्या वीस खाटा अशा ताणलेल्या, की एक सुरकुती शोधून दाखवावी. काय दिवस होते ते! निरोपाच्या दिवशी मेट्रन म्हणाल्या होत्या, असा वॉर्ड पुन्हा होणे नाही. ते वाक्य त्यांनी चौदा वर्षं जिवापाड जपलं होतं.

"वळखलं नाही काय सिस्टर मले?" गोजरबाई अचानक म्हणाल्या. "आमच्या गोकुळच्या टायमाले इथंच होती मी. त्या खिडकीपाशी."

सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला. त्या खाटेच्या कडेला सरकून बसल्या.

"मग सांगा, कसा होता तेव्हाचा वॉर्ड?"

"आरशावानी! गावात अजून सांगतो मी." गोजरबाई खुदकन हसल्या. "पर तुमचं भेव लय. चादर मोडली त सिस्टर रागावतीन, म्हनून तीन दिवस कूस नाही बदलली म्या. गोकुळ पाळण्यात रडे, अन् म्या नुसती पाहे. उठाले भेव लागे."

रुसवा नाही, तक्रार नाही. गोजरबाईंनी हे अगदी कौतुकाने सांगितलं. तेच सत्यभामाबाईंना जास्त लागलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथली बाळंतीण काही केल्या आठवेना. खाट मात्र लख्ख आठवत होती.

त्यांनी सलाईनचा स्टँड हाताशी ओढला. मग उठल्या, गोजरबाईंच्या पायाशी गेल्या आणि मघाशी खोचलेला कोपरा ओढून मोकळा केला.

रेणुका गोळ्या घेऊन आली, तेव्हा त्यांनी विचारलं,

"दुसरा कागद आहे का गं?"

"काऊन आजी, पहिला कुठं गेला?"

"तो चुकला."

रेणुकाने कागद दिला. गोजरबाई तोवर कूस बदलून, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्याही होत्या.