सोळा क्वार्टर

ब्रॅमलेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम डेलबर्ट टॅकेटकडे आलं, तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं त्याच कॉलेजात शिकवलेला माणूस, वय बहात्तर, आणि घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवलेला नाही. काळजी वाटली ती फक्त त्याच्या बायकोला, नेड्राला.

"म्हणजे रॉयस लँडरमवरही लिहावं लागणार तुला," ती नाश्त्याच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत म्हणाली. "झेपेल का रे?"

"इतिहास लिहिणाऱ्याला राग-लोभ नसतो."

"हो तर! त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन बिघडल्याचं कळलं, त्या दिवशी केकचा दुसरा तुकडा मागून खाल्लास."

खरंच होतं ते. रॉयस पन्नास वर्षं डेलबर्टच्या डोळ्यांत खुपत होता. दोन वर्षं घाम गाळून डेलबर्ट क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याच्या, जागेपाशी पोचला, आणि एकोणीसशे बहात्तर साली हा रॉयस दुसऱ्या कॉलेजातून टपकला. कानामागून आला आणि तिखट झाला! चेंडू असा फेकायचा, की बघणाऱ्याचा घास हातातच राहायचा. डेलबर्ट गेला राखीव गड्यांच्या बाकावर. बरं, मेला स्वभावानंही गोड. जरा वाईट असता, तर निदान मनापासून शिव्या तरी देता आल्या असत्या.

डेलबर्टची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, त्याचं 'बी'. मोसमात सोळा क्वार्टर मैदानावर खेळलेल्यालाच ब्रॅमलेटमध्ये स्वेटरवर शिवायचं कॉलेजच्या नावाचं कापडी अक्षर 'बी' मिळतं. पंधरा खेळलेल्याला कोच फक्त हात मिळवतो. एका सामन्यात क्वार्टर चार, त्यात बाकावरच्या माणसाच्या वाट्याला येणार किती? डेलबर्टच्या मोजणीनं त्याचे चौदाच भरत होते. तरी मोसम संपल्याच्या मेजवानीत कोच पोगनं त्याचं नाव पुकारलं. डेलबर्टनं काही विचारलं नाही. मिळतंय ते कशाला उकरायचं? खेळवलं रॉयसला, पण कोचला किंमत कळली ती माझी, असं त्यानं मनाशी धरलं आणि त्या एका समाधानावर उभा जन्म काढला.

ऑक्टोबरात कॉलेजच्या व्यायामशाळेच्या तळघरातली खोकी उपसताना त्याला त्या मोसमातल्या इलिनॉयच्या सामन्याचा कागद सापडला. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. धो धो पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, आणि इतक्या लांब गावातलं चिटपाखरूही सामना बघायला आलेलं नव्हतं. मध्यंतराच्या आधी रॉयसचा शर्ट गळ्यापासून बेंबीपर्यंत टरकला. गरिबाचं कॉलेज, जादा शर्ट कुठला असायला? अशा वेळी बाकावरच्यानं आपला काढून द्यायचा, ही ब्रॅमलेटची रीतच होती. डेलबर्टनं आपला चौदा नंबर काढून दिला आणि रॉयसचा फाटका सात नंबर अंगात घालून, वर घोंगडं ओढून, शेवटपर्यंत कुडकुडत बसला. तिकडे रॉयसनं तीन टचडाऊन फेकले, म्हणजे गोलरेषेपार गुण मिळवून देणारे तीन चेंडू.

समोरच्या कॉलेजचा नोंदी लिहिणारा गडी कुणाला ओळखत नव्हता. त्याला दिसत होते ते पाठीवरचे आकडे. त्यानं लिहिलं होतं: 'नंबर चौदा, टॅकेट. तिसरा आणि चौथा क्वार्टर. तीन टचडाऊन.'

आपले चौदा क्वार्टर आणि हे दोन, झाले सोळा.

खाली कोच पोगचं पेन्सिलीचं अक्षर होतं. 'चूक आहे. हा लँडरम होता. पण तोच म्हणतो राहू द्या, टॅकेटला दोन क्वार्टर कमी पडताहेत. ठेवतो तसंच.'

डेलबर्टनं ते दिव्याखाली धरून पुन्हा वाचलं. म्हणजे कोचनं ओळखलं वगैरे काही नव्हतं! दुसऱ्यानं फेकलेल्या चेंडूंवर आपण पन्नास वर्षं छाती काढून फिरलो. आयत्या बिळावर नागोबा! आणि बीळ तरी कुणाचं, तर रॉयसचं. कॉलेजच्या नोंदवहीत त्या मोसमाचे रॉयसचे टचडाऊन होते सतरा आणि कॉलेजचा विक्रम होता एकोणिसांचा. हे तीन धरले असते तर विक्रम त्याचाच होता. कागद फाडला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. डेलबर्टनं तो दोनदा चुरगळला आणि दोनदा सरळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तडक गावातल्या डायनरमध्ये, रॉयसच्या रोजच्या हॉटेलात, गेला. खिडकीजवळ पाय लांब करून रॉयस कॉफी पीत बसला होता. डेलबर्टनं कागद त्याच्यापुढे आपटला.

"हे काय आहे?"

रॉयसनं चष्मा लावून वाचलं आणि खो खो हसला. "अरे देवा! पोगनं हे जपून ठेवलं?"

"माझ्यावर दया केलीस?"

"दया कसली लेका? काकडत बसला होतास माझं फाटकं अंगात घालून. तुझ्या शर्टात खेळलो मी. म्हटलं, मोजा त्याचंच."

"विक्रम गेला तुझा!"

"गेला तर गेला. मला काय फरक पडत होता?"

हे मात्र डेलबर्टला झोंबलं. ज्यासाठी आपण आयुष्यभर जळलो, ते या माणसानं असं दिलं, की दिल्याचंही याच्या लक्षात नाही. खेळात पुढे तर होताच, वर मोठेपणाही यानंच लाटावा?

"कागद टाकून दे," रॉयस म्हणाला. "आता कोण विचारतंय? बस, कॉफी घे."

"तुझी कॉफी नको मला," म्हणून डेलबर्ट बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं ते अख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं. शर्ट, चिखल, आकड्याचा घोळ, पोगची पेन्सिल, सगळं. रॉयसच्या नावापुढे वीस टचडाऊन आणि कॉलेजचा विक्रम. 'बी' मिळवलेल्यांच्या यादीतून त्यानं टॅकेट हे नाव खोडलं आणि स्वेटरवरचं 'बी' उसवून पाकिटात घालून कॉलेजला धाडलं. नेड्रानं खांद्यावरून वाचलं.

"सूड म्हणून कुणी कुणाला विक्रम देतं का रे?"

"त्याचं काही नको मला. दोन क्वार्टरसुद्धा नकोत."

"एवढं एकच तर होतं तुझं," ती हळूच म्हणाली.

पुस्तक निघालं पुढच्या शरदात, माजी विद्यार्थ्यांच्या सामन्याच्या दिवशी. मध्यंतरात डेलबर्ट आणि रॉयस दोघांनाही मैदानात बोलावलं. रॉयसचा विक्रम जाहीर झाला आणि स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं. डेलबर्टनं दात आवळून तेही सोसलं. एकदाची फिटली देणी, आपण मोकळे.

तेवढ्यात रॉयसनं काठी टेकत माइक ओढून घेतला.

"मी फक्त चेंडू फेकला," तो म्हणाला. "पन्नास वर्षांनी छातीवरचं अक्षर आपल्या हातानं उसवून परत करणारा माणूस हा इथे उभा आहे. मला नसतं जमलं."

पाच हजार माणसं उठून उभी राहिली. रॉयसला मिळाल्या त्याच्या दुप्पट टाळ्या, आणि थांबायचं नाव नाही. "टॅकेट! टॅकेट!" डेलबर्टचे डोळे भरून आले. आज पहिल्यांदा तो पुढे होता आणि रॉयस मागे. त्यानं मान वळवून आधी रॉयसचं तोंड पाहिलं. कुठेतरी ओठ वाकडा झाला असेल, निदान एक आठी पडली असेल. जे आपण पन्नास वर्षं भोगलं, ते मिनिटभर तरी त्याला भोगताना बघायचं होतं.

रॉयसनं काठी खाली टाकली होती. बिघडलेल्या गुडघ्यावर डुगडुगत तो दोन्ही हातांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, आणि त्याचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. मेल्याला जळायलासुद्धा येत नव्हतं, आणि डेलबर्टला आता याचाही हेवा वाटायला लागला.