मोठा कॅमेरा

"हार पुन्हा एकदा घाला," महेश्वर म्हणाला.

नवरा-नवरी एकमेकांकडे बघू लागले. अक्षता पडून गेल्या होत्या. वाजंत्री वाजून थांबली होती आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसं जेवणाच्या हॉलकडे निघालीसुद्धा होती.

"म्हणजे? तुम्ही काढला नाही?" नवरीच्या मामांनी विचारलं.

"काढलाय हो. एक जास्तीचा असू द्या म्हणून."

हे खरं नव्हतं. ऐन हार घालायच्या वेळी महेश्वरच्या उजव्या हातातलं बळ एकाएकी गेलं होतं. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या आणि बटणावरचं बोट आपलं आहे की दुसऱ्याचं, हेही कळेना. कॅमेरा निसटला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे तेवढा वाचला आणि छातीवर येऊन आदळला. नवरा-नवरीने मुकाट्याने हार काढून पुन्हा घातले. दोघं हसलीही. पण पहिल्यांदा हार घालतानाचं हसू दुसऱ्यांदा येत नाही, हे महेश्वरइतकं त्या मांडवात कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको सुंदरम्मा त्याला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मान इकडून तिकडून वळवून बघितली, एक्स-रे काढायला लावला, आणि मानेतली नस दबल्याचं सांगितलं.

"वजन उचलायचं बंद करा."

"मी हमाल नाही डॉक्टर. फोटोग्राफर आहे."

"मग गळ्यात काय बांधून फिरता ते दाखवा."

तो कॅमेरा घेऊनच आला होता, कारण तो कुठेही जाताना कॅमेरा घेऊनच जायचा. डॉक्टरांनी लांब लेन्स आणि फ्लॅशसकट तो हातात घेतला, थोडा वेळ तोलून बघितला आणि टेबलावर ठेवला. "हे तर चालायला लागूनही कडेवरून न उतरणारं पोर झालं," ते म्हणाले.

शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी महेश्वरचा लहानसा स्टुडिओ होता. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य घालवायचं नाही, एवढ्या एका हट्टापायी तो तरुणपणी कॅमेऱ्याकडे वळला होता. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडण निघालं तर दोन्ही, असा त्यांचा संसार. सुंदरम्मा लग्नानंतर काही वर्षं विड्या वळायची. मग ते सोडून ती अल्बम लावायला बसली. नवऱ्याने काढलेले फोटो निवडायचे, ओळीने लावायचे, पानं चिकटवायची. हजारो माणसांची लग्नं तिने अशी घरात बसून बघितली होती. प्रत्यक्ष एकाही लग्नाला ती कामासाठी गेली नव्हती.

तिकडे पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीने, ऋतुजाने, फोनवरच निकाल दिला. "बाबा, मिररलेस घ्या. आतला आरसाच काढून टाकलाय त्यातला. निम्म्याहून कमी वजन. आता सगळे तेच वापरतात."

"सगळे वापरू देत."

"हात गेल्यावर काय वापरणार?"

महिन्याभराने ऋतुजाच तसला कॅमेरा घेऊन आली. महेश्वरने तो तळहातावर ठेवला. चांगला होता. त्याने खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचे दोन-तीन फोटो काढले आणि मोठे करून बघितले. सूत न् सूत दिसत होतं. खोट काढायला जागा नव्हती, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं.

वजनाची गोष्ट तो कुणाला सांगणार होता? मोठा कॅमेरा गळ्यात असला की मांडवात आपोआप वाट व्हायची. "सरका, फोटोवाल्याला येऊ द्या," असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची. भटजी हात थांबवायचे. नव्या कॅमेऱ्यासह पहिल्याच लग्नात एका बाईने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं. "काका, तुमी नंतर काढा की तुमचा. फोटोवाल्याला दिसत नाही." कुठला फोटोवाला, म्हणून त्याने मागे वळून बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

अशात टेंभुर्णीच्या पुढे, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातली ऑर्डर आली. जोतीराम म्हणून केळीचे बागायतदार होते. त्यांच्या मुलीचं, आरोहीचं लग्न. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटोही महेश्वरनेच काढले होते. बोलणी करायला जोतीराम स्टुडिओत आले तेव्हा टेबलावरचा कॅमेरा त्यांनी उचलून बघितला.

"ह्यो? ह्यो न्हाय चालायचा फोटोवाले. मोठा कुटं हाय?"

"फोटो यातनंच चांगले येतात आता."

"येत असतील की. मी कुटं न्हाय म्हनतो? पन पावनं काय म्हनतील? पोरीच्या लग्नात मोबाईलवाला बोलावला म्हनतील. थोरलीला मोठा आन् धाकटीला बारका, असं नगं. मोठा घिऊन या."

ते गेल्यावर महेश्वरने कॅमेरा पिशवीत घातला. मग म्हणाला, "ऑर्डर सोडून देतो. आता कंटाळा आला बघ."

सुंदरम्मा पानं चिकटवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्यांना मोठा दिसायला पायजे ना? काढायला थोडाच पायजे? मी येते. मोठा मी धरते, तुम्ही बारक्यानं काढा."

"तू?"

"का? माझी मान चांगली आहे."

अशी ती गेली. जांभळ्या रंगाची साडी, डोक्यात मोगरा आणि गळ्यात तो भला मोठा कॅमेरा. त्याची बॅटरी कधीच मान टाकून बसली होती. नवी आणावी असं दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. जोतीरामांनी लांबूनच कॅमेरा बघितला आणि समाधानाने मान हलवली. महेश्वर लहान कॅमेरा घेऊन गर्दीत शिरला. आता कुणी बाजूला सारलं तरी तो बोलत नव्हता, दुसरीकडून शिरत होता.

गंमत सुरू झाली ती बायकांमध्ये. सुंदरम्मा एका खुर्चीवर बसली होती. दोघी-तिघी येऊन समोर उभ्या राहिल्या. "ताई, आमचा काडा की."

"अहो, हा बंद आहे."

"काय ताई! आमच्याच वेळी बरा बंद पडतो?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून सुंदरम्माने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. डीजेच्या आवाजात काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. बायका हसत निघून गेल्या, दुसऱ्या आल्या. पदर सारखे करत, एकमेकींना ढकलत आल्या. सुंदरम्मालाही मौज वाटायला लागली. जन्मभर अल्बम लावताना ज्या चेहऱ्यांना ती कात्री लावत आली होती, तसले चेहरे आज तिच्याकडे बघून हसत होते.

जेवणं उरकत आली तशी ती पाणी प्यायला मागच्या बाजूला गेली. तिथे कोठीच्या दाराशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. अंगावर चॉकलेटी रंगाचं इरकल लुगडं, कपाळ मोकळं. मांडवात एवढी धामधूम असताना ती तिथेच बसून होती आणि तिला पुढे ये म्हणून कुणी म्हणत नव्हतं, तीही जात नव्हती.

"फोटोवाली व्हय गं तू?"

"हां आजी."

"मी केसरबाई. नवरीची चुलत आजी. माजा एक काडशील? एकटीचा."

सुंदरम्मा काही बोलायच्या आत तिने पदर डोक्यावरून घेतला, पाय जवळ ओढले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"आमचे मालक भितीवर हायेत. त्यांच्या शेजारी लावाया माजा न्हाय. ह्या आधारकार्डावर हाय त्यो बगितलास तर चोरटी वाटंल मी. मागनं पोरं त्योच मोठा करून लावतील. म्हनून म्हनलं, हाय तवर एक चांगला असावा."

सुंदरम्माने कॅमेरा उचलला. आता सांगावं, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण म्हातारी श्वास धरून बसली होती. सुंदरम्माने बटण दाबलं.

"बरा आला का?"

"बरा आला," सुंदरम्मा म्हणाली.

महेश्वरला बोलावून आणू, म्हणून ती लगबगीने मांडवात आली. तेवढ्यात पाठवणीची गडबड उडाली. रडारड, गाडीभोवती गर्दी, महेश्वर कुठल्या कुठे. गर्दी पांगल्यावर ती कोठीकडे गेली तर दार बंद होतं आणि म्हातारी निघून गेली होती. परतीच्या एसटीत मानेवर ओला रुमाल टाकून महेश्वर झोपला आणि ती जागी राहिली.

अल्बम लावायला बसली तेव्हा तिने एकूण एक फोटो बघितला. केसरबाई कुठेच नव्हती. एका पंगतीच्या फोटोत, अगदी कडेला, दाराच्या चौकटीपाशी चॉकलेटी लुगड्याचा काठ आणि एक कोपर दिसत होतं.

तिने महेश्वरला सगळं सांगितलं. तो आधी चिडला.

"बंद आहे म्हणून सांगायचं!"

"सांगितलं होतं बाकीच्यांना. तिला नाही सांगता आलं."

"अगं, लग्नात किती जणांचे राहतात. कोण लक्षात ठेवतं?"

"बाकीच्यांनी मोबाईलात काढलेत त्यांचे त्यांचे. ही वाट बघत बसेल."

"एका फोटोसाठी तिथवर जायचं? मान वळत नाही माझी, सुंदरा."

"तुम्ही नका येऊ. मी जाते. कुठलं बटण दाबायचं तेवढं दाखवा."

तो आला. एसटीने टेंभुर्णी, तिथून वडाप. वडापच्या जीपमध्ये खड्डा आला की तो डोळे मिटून घ्यायचा. सुंदरम्माने त्याच्या मानेमागे स्वतःची पिशवी घडी करून ठेवली. लहान कॅमेरा तिच्या मांडीवर होता.

आधी ती दोघं जोतीरामांकडे गेली. अल्बम द्यायचाच होता. जोतीरामांनी ओसरीवर बसून एकेक पान उलटलं. लेकीच्या पाठवणीच्या पानावर ते थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, "बगा फोटोवाले, म्हनूनच मी म्हनत हुतो. मोठ्या कॅमेऱ्याचं कामच येगळं."

महेश्वरने चहाची बशी तोंडाला लावली.

केसरबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. पत्र्याचे दोन खण, मागे केळी, केळींच्या पलीकडे पाणी. पाण्यावर कुणाची तरी मोटर चालू होती. केसरबाई शेळीला पाला घालत होती. दोघांना बघून ती पाला टाकून उठली.

"आनलास व्हय गं?"

सुंदरम्माने चप्पल काढली, जवळ गेली आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी कॅमेरा बंद होता. तुमचा फोटो आलाच नाही. मी खोटं बोलले."

केसरबाई हाताला चिकटलेली पानं झटकत आत गेली आणि दार लोटून घेतलं. शेळी ओरडली. महेश्वर दगडी कट्ट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "चल. सांगितलंस, झालं."

"थांबा जरा."

थोड्या वेळाने दार उघडलं. केसरबाईने तोंड धुतलं होतं, केसांना तेल लावून ते चापून बसवले होते, आणि ती ट्रंकेतलं ते चॉकलेटी इरकल नेसली होती. घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

"खरं सांगितलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "म्या दर बाजारच्या दिशी जोतीला इचारत हुते, आला का म्हनून. त्यो म्हनं, कसला फोटो?"

महेश्वरने जागा बघितली. मागे पत्रा होता आणि उन्हात तो नुसता भगभगत होता. घरात तर काळोखच. त्याने तिला कट्ट्यावर सावलीत बसवलं, घरातली पांढरी चादर मागून घेतली. ती टांगायला मागे ना खुंटी, ना दोरी. कॅमेरा हातात घेतला तर बोटं पुन्हा बधिरलेली.

"तू नगं," केसरबाई त्याला म्हणाली. "हिला काडू दे. हिच्याच म्होरं बसले हुते मी."

महेश्वरने सुंदरम्माकडे बघितलं. पट्टा तिच्या गळ्यात घातला, कुठे बघायचं, कुठे दाबायचं ते सांगितलं. "घाई करू नको," एवढंच म्हणाला. मग चादरीची दोन टोकं धरून तो केसरबाईच्या मागे गेला आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून उभा राहिला. उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट करंगळीपर्यंत गेली. पाण्यावरून वारा येत होता. चादर फुगत होती, तो ती ताणून धरत होता.

केसरबाईने हात गुडघ्यांवर ठेवले. हनुवटी थोडी वर घेतली. सुंदरम्मा एक पाऊल पुढे गेली, पुन्हा मागे आली, खाली बसली.

"झालं आजी," ती म्हणाली.

केसरबाई हलली नाही.

"आवाज न्हाय आला."

"ह्याला आवाज नसतो आजी. काढला. खरंच काढला."

केसरबाईने थोडा विचार केला. पदर पुन्हा सारखा केला.

"मंग आनि एक काड," ती म्हणाली. "असू दे."

महेश्वरचे हात खांद्याखाली आले होते. त्याने चादरीची टोकं बोटांना गुंडाळून घेतली आणि हात पुन्हा वर केले.