लोलक निर्दोष आहे

"जांभळी रेघ नाही म्हणजे नाही," भिंगमावशी दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाली. "आता परत विचारू नका."

संग्रहपालांनी परत विचारलंच नव्हतं. हातमोजे घालून ते दाराशी नुसते उभे होते. पण गेल्या आठवड्यात एकदा, चाचरत का होईना, "मला टोकाला काहीतरी अंधूक दिसतंय हो," असं ते म्हणाले होते, आणि मावशीनं त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं होतं. "दिसावं असं वाटतंय म्हणून दिसतंय तुम्हाला. चौतीस वर्षं मी या यंत्रांत डोळे घालून बसलेय." यावर पुस्तकं वाचून आलेल्या माणसानं काय बोलावं? त्यांनी आपल्याच डोळ्यांना खोटं पाडलं आणि विषय मिटवला.

वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, खिडकीवर काळा पडदा ओढलेल्या त्या खोलीत मावशीचं राज्य होतं. कपाटांत जुने सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, मखमलीत ठेवलेली भिंगं. टेबलाच्या मधोमध सव्वाशे वर्षांचा पितळी वर्णपटमापी. एका नळीच्या फटीतून दिव्याचा उजेड आत शिरायचा, मधल्या काचेच्या लोलकातून फुटायचा आणि पलीकडच्या फिरत्या दुर्बिणीत रंगीत रेघा होऊन उभा राहायचा. पाऱ्याचा दिवा लावला की पिवळ्या, हिरवी, निळी आणि अगदी कडेला जांभळी. पुढच्या महिन्यात नवं दालन उघडणार होतं आणि हे यंत्र तिथे चालू स्थितीत मांडायचं होतं.

मावशीला कडेची रेघ सापडेना. तिनं फट बारीक केली, रुंद केली, दिवा बदलला, चार दिवस तिला जेवायची शुद्ध राहिली नाही. शेवटी अहवाल दिला, की लोलकाची काच खराब झाली आहे, ती बदलावी. मावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. संचालकांनी त्याच दिवशी सही केली. आज अकरा वाजता काचकामाचा कारागीर लोलक काढायला येणार होता. जुनी राळ तापवल्याशिवाय लोलक बैठकीवरून सुटणार नव्हता, आणि तापवताना ही म्हातारी काच तडकली तर तडकली. मावशीच्या ते जिवावर आलं होतं. पण बिघडलेलं यंत्र चांगलं म्हणून लोकांपुढे ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सव्वादहाला संग्रहपाल कारागिराची वाट बघायला फाटकाकडे गेले आणि मावशीची थोरली बहीण खोलीत घुसली.

"दोन्ही किल्ल्या पर्समध्ये घालून आलीस! मी कचरा टाकायला म्हणून खाली उतरले आणि दार लागलं. तासभर जिन्यात बसलेय, शेजारणीची पोरं मला बिस्किटं देतायत!"

"ताई, हळू. इथे काचा आहेत."

"काचांना कान आहेत का?" ताईनं किल्ली घेतली, पण आलीच आहे तर बहिणीनं जन्मभर काय केलं ते बघून घ्यावं म्हणून ती स्टुलावर बसली आणि न विचारता दुर्बिणीला डोळा लावला.

"हात लावू नकोस कशालाही!"

"नाही गं लावत. अगंबाई, किती छान! पिवळ्या दोन, जवळजवळ. मग हिरवी. मग निळी. आणि ही कडेची जांभळी, वांग्याच्या सालीसारखी."

जांभळ्या रेघेबद्दल ताईला कुणी सांगितलं नव्हतं. घरी यंत्रांचा विषय निघाला की ताई उठून भाजी चिरायला जायची.

"सरक," मावशी म्हणाली. तिनं डोळा लावला. निळी होती, तीही मळकट. पुढे काळोख. "कुठेय?"

"मला काय विचारतेस? तिथेच आहे की."

ताईला वाटलं म्हणून रेघ आहे, असं मावशी मानणार नव्हती. स्वतःच्या शब्दावरही आता तिचा भरवसा राहिला नव्हता. तिनं ताईचा हात धरून दुर्बीण सरकवायच्या स्क्रूवर ठेवला. "आत एक उभी तार दिसतेय ना? ती पिवळ्या जोडीतल्या आतल्या, हिरवीकडच्या रेघेवर आण. बरोब्बर वर. आली? थांब." मोठं भिंग आणि बॅटरी घेऊन तिनं दुर्बिणीखालच्या अंशांच्या चकतीवरच्या बारीक खुणा वाचल्या आणि कागदावर उतरवल्या. "आता तीच तार जांभळीवर ने."

ताईनं जीभ बाहेर काढून, सुईत दोरा ओवावा तशी तार नेली. मावशीनं वाचलं. दोन्ही आकड्यांत फरक तीन अंश चार मिनिटांचा.

मग तिनं कपाटातून साठ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. याच यंत्राची, याच लोलकाची, याच दोन रेघांची नोंद. तीन अंश पाच मिनिटं. अंशाच्या साठाव्या भागाचा काय तो फरक.

ताईला अंश म्हणजे काय हेही सांगता आलं नसतं. तिच्याकडून चुकून असा आकडा येणं शक्यच नव्हतं. लोलक धडधाकट होता.

"तुझ्याच डोळ्याचा दोष आहे हा," ताई म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "माझ्या ऑपरेशनच्या आधी आठव. पांढऱ्या चादरी पिवळ्या धुतल्यास म्हणून मी तुझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते. मोतीबिंदूच तो. निळं-जांभळं आधी जातं."

मावशीला रडू आलं. डोळ्यासाठी नाही. चार दिवस ती एका निरपराध काचेला दोष देत होती आणि ती काच तापवायचा हुकूमही तिनंच मिळवला होता, याची तिला लाज वाटली.

"कुणाला सांगू नकोस इतक्यात," ताई हळूच म्हणाली. "तुझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज अजून वर आहे ना? दिवा बदलला, रेघ दिसली, असं म्हण. कोण विचारतंय?"

पळवाट सोपी होती. मावशीला तिचा मोहही झाला, नाही असं नाही. पण मग कागदावर काय राहणार होतं? या लोलकावर एकदा शंका घेतली होती, एवढंच. पुढचा कुणी ती नोंद वाचून पुन्हा राळ तापवायला निघाला तर? ती उठली आणि पदर खोचून जिना चढली.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. अहवालाचा कागद त्यांनी दोनदा फिरवून बघितला.

"मावशी, दिव्याचा दोष होता असं लिहा ना. मी समजून घेईन."

"दिव्याचा नव्हता."

"डोळ्याचं लेखी आलं तर मुदतवाढीवर मला सही करता येणार नाही. आणि महिनाअखेरीला तुम्हाला एकसष्ट पूर्ण होतायत; मग ऑपरेशन करून आलात तरी परत घेता येत नाही. नियम तुम्हाला माहीत आहेत."

"माहीत आहेत. कागद द्या."

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं. 'माझा आधीचा अहवाल मी मागे घेत आहे. लोलक निर्दोष आहे. निरीक्षकाच्या दृष्टीत दोष आहे.' खाली तारीख घातली, सही केली.

खाली कारागीर बर्नर काढून तयार होता. "झालं तुमचं काम," मावशी त्याला म्हणाली. "चहा घ्या आणि जा." मग ती संग्रहपालांकडे वळली. "तुम्हाला दिसलं होतं. मी ऐकलं नाही. चुकले."

संग्रहपालांना कुठे बघावं कळेना. "अहो मावशी, त्यात काय..."

"त्यात बरंच काय. हातमोजे काढा. महिनाअखेरपर्यंत मी इथे आहे. तेवढ्यात या यंत्राच्या सगळ्या रेघा नव्यानं मोजून ठेवायच्या. बसा स्टुलावर."

ताई किल्ली मुठीत धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. तिनं घरी जायचं नावच काढलं नाही. संग्रहपालांनी डोळा लावला. त्यांचा हात स्क्रूवर अडखळत होता.

"आली असं वाटतंय."

"वाटतंय नको. तार रेघेवर आली की नाही?"

"आली."

"मग आकडा वाचा."

त्यांनी वाचला, तिनं लिहिला. चौतीस वर्षं आकडे सांगायचं काम तिचं होतं आणि लिहायचं दुसऱ्याचं. आज हिरवी झाली, निळी झाली, जांभळी झाली. साडेबाराला पान भरलं. निरीक्षकाच्या सहीची जागा तळाशी होती. मावशीचं पेन सवयीनं तिथवर गेलं आणि थांबलं. तिनं वही फिरवून संग्रहपालांपुढे सरकवली.

"मी कशी करू?" ते म्हणाले. "हे तुमचं काम आहे."

"इथे बघणाऱ्यानं सही करायची असते," मावशी म्हणाली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.