बिनरक्ताचा नातलग

मी स्पंज बोलतोय. थांबा, भांडी घासायचा नव्हे! तो कारखान्यातला. मी जिवंत आहे, प्राणी आहे आणि चांगला खानदानी आहे.

माझा जन्म समुद्रातला. लहानपणी थोडाफार पोहलो, मग एका खडकावर बूड टेकलं ते टेकलंच. मला ना हृदय, ना रक्त, ना तोंड. अंगभर भोकं. त्यांतून पाणी आत घ्यायचं, खाण्याजोगं ठेवून घ्यायचं, बाकीचं सोडून द्यायचं. एका पाणबुड्याने मला खडकासकट उचललं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत आणून ठेवलं.

इथली माझी मालकीण एक तरुण संशोधक. रोज सकाळी विचारायची, "काय राव, बरं आहे ना?" तिला माझ्यात एक प्रथिन शोधायचं होतं, प्राणवायू पकडून ठेवणारं. माणसाचं रक्त लाल दिसतं ते तसल्याच प्रथिनामुळे.

तिचे सर हसायचे. "अगं, ज्याला रक्तच नाही, त्याला हे हवंय कशाला?"

एके दिवशी ते सापडलं. ती टाकीभोवती नाचली. सरांनी शांतपणे विचारलं, "त्याला खायला काय घालतेस?"

"खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्यांची पूड."

"त्यांच्या रक्तात हेच असतं. बाई गं, तू त्याचं जेवण तपासलंस!"

तिचं तोंड एवढंसं झालं. मलाही राग आला. वस्तू माझ्याकडे आणि नाव कोळंबीचं! वर सर म्हणाले, "महिनाअखेर ही टाकी माशांच्या कामाला द्यायची. याला टाकून दे."

पण ती चिवट. तिने मला नुसत्या गाळलेल्या पाण्यावर उपाशी ठेवलं. मग बारीक रेशमी कापडात घालून पिळलं. माझी पेशी न पेशी सुटी झाली. जेवणाचा कणही उरू नये म्हणून तिने त्या धुऊन काढल्या.

"माफ कर रे, पण पुन्हा जुळून ये," ती म्हणाली. तिने भिंगाला डोळा लावला. मी मात्र निर्धास्त. आम्हाला हे जमतं. धुतलेल्या पेशी सरपटत एकमेकींना शोधत गेल्या, बिलगल्या आणि मी पुन्हा मी झालो. जरा लहान, एवढंच.

त्या स्वच्छ गोळ्याचा तुकडा तिने तपासला. प्रथिन होतं. माझं स्वतःचं!

सर जिना चढून धापा टाकत आले. निकाल उलटसुलट पाहिला. "म्हणजे रक्ताच्या आधीपासून हे होतं?"

"हो सर. रक्त मागाहून आलं. तुमचं आणि याचं प्रथिन मुळात एकाच घराण्यातलं."

सर खुर्चीत टेकले, दम खाल्ला आणि काचेवर हात ठेवला. "मग नातलगाला घराबाहेर कसं काढायचं? माशांना दुसरी टाकी बघू."

या प्रथिनाचं मी नक्की करतो काय, ते अजून दोघांनाही उमगलेलं नाही. मी सांगणार नाही. शोधू देत की!

तुम्हाला एवढंच सांगणं. जिना चढून धाप लागली आणि मग जिवात जीव आला, की घटकाभर माझी आठवण काढा. तुमच्या रक्तात प्राणवायू घट्ट धरून ठेवणारा तो हात आमच्या घरचा आहे.